मावेल तेवढं पीठ

गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री जिन्याखालून हाक यायची, ‘कोरी! एला!’ मुली, ये. मी हात पुसत खाली जायची. थियाच्या स्वयंपाकघरात टेबल भिंतीला सरकवलेलं असायचं, आणि मधोमध जमिनीवर एक भलंमोठं घमेलं. त्यात किसलेलं चीज, रवा, बेदाणे, तळव्यावर चुरडलेला सुका पुदिना. चीज दोन दिवस आधीच किसून चादरीवर पसरलेलं असायचं, ओल राहू नये म्हणून. अंडी बाजूला मांडून ठेवलेली, अजून फोडलेली नसायची. थिया चमच्याच्या टोकावर चिमूटभर सारण घेऊन माझ्या तोंडापुढे धरायची आणि श्वास रोखून माझ्याकडे बघत राहायची. ‘मीठ?’

घरात सात बायका असायच्या, पण त्यांच्यापैकी कुणीही ते सारण चाखू शकत नव्हती. ईस्टरच्या आधीचा त्यांचा मोठा उपास 48 दिवसांचा. मांस नाही, दूध नाही, चीज नाही, अंडं नाही. आणि ईस्टरची जी मुख्य भाजणी, फ्लाउना, ती तर चीज आणि अंड्यांनीच भरलेली. सायप्रसच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेकड्यांनी फ्लाउना करत आल्या त्या अशा, जिभेला न लावता. चिजाचा खारटपणा त्या वासावरून ओळखत, नाहीतर बोटांमध्ये चोळून. थियाच्या गावी उपास न धरलेली बाई त्या आठवड्यात शोधूनही सापडली नसती. लंडनला आल्यावर मात्र तिला वरच्या मजल्यावर एक सापडली, वाईची, चैत्रातलं हळदीकुंकू करणारी. तेव्हापासून दरवर्षी माझी जीभ त्या घरानं उसनी घेतली. मीठ ठरलं की मगच अंडी फुटायची, यीस्ट पडायचं आणि सारण रात्रभर फुगायला झाकून ठेवलं जायचं.

आम्ही 1978 साली उत्तर लंडनमध्ये पामर्स ग्रीनला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्या भागात सायप्रसची इतकी माणसं होती, की लोक गमतीनं त्याला पामर्स ग्रीक म्हणत. थिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळं एकाच शब्दात. ती आणि तिचे यजमान पन्नासच्या दशकात बोटीनं आले होते, सायप्रस अजून इंग्रजांच्या ताब्यात असताना. ते हॉटेलात भांडी धुण्यापासून सुरुवात करून पुढे छोटं दुकान चालवू लागले. ती घरी कपडे शिवायची. मागच्या खोलीत शिलाई मशीन, नगावर पैसे, संध्याकाळी कापलेल्या कापडांचे गठ्ठे घेऊन गाडी यायची. मशीनची खडखड आणि गॅसवर मंद शिजणाऱ्या चवळीचा वास, हे दोन्ही आमच्या जिन्यात एकत्रच असत. ओळीनं चार बाह्या जोडल्या की उठून एकदा ढवळायचं, पुन्हा बसायचं. त्या सगळ्याच बायकांचा दिवस असा मशीन आणि चूल यांच्यामध्ये जायचा. तिच्या दोन नणंदा, दोन गाववाल्या, रस्त्यापलीकडची एक विधवा. सगळ्यांचा जन्म वीस-तीसच्या दशकातला, सगळ्या खेड्यांतल्या, बहुतेकींची शाळा चार इयत्तांपुरती.

थियाची थोरली लेक माझ्याच वयाची. इंग्रजी शाळेत शिकलेली, बँकेत नोकरीला. आपल्या आईच्या हातचं लिहून काढायचं तिच्या मनानं घेतलं आणि त्या कामात मीही ओढली गेले. माझ्या लग्नात मला कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ मिळालं होतं. त्यात वाटी-चमच्याचं माप असतं, हे मी तिला दाखवलं. आपणही असंच करू, असं ठरलं. निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली. पहिल्याच दिवशी आम्ही अडलो. थिया बोलायची ओकाच्या हिशेबात. ओका म्हणजे 400 द्रामी, आपल्या मापात साधारण सव्वा किलो. दुकानातून सामान यायचं पौंडात. लेकीची शाळा ग्रॅमची. एका पावाच्या कृतीत तिन्ही मापं यायची आणि शेवटी पिठापाशी आलं की थिया तिन्ही सोडून द्यायची. ‘अलेव्री? ओसो पारी.’ पीठ किती? घेईल तेवढं.

लेक हताश होऊन माझ्याकडे बघायची. मला हसू यायचं, कारण हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते. ‘मावेल तेवढी कणीक,’ आई म्हणायची. ‘अगं पण किती?’ ‘मावेल तेवढी.’ पुरणपोळीची सैल कणीक असो, शंकरपाळे असोत, पाणी-दूध-तूप यांचं माप असतं, पिठाचं नसतं. पीठ जुनं की नवं, हवा दमट की कोरडी, यावर ते कमी-जास्त पितं. थियाची जीभ ग्रीक आणि आईची मराठी, पण दोघींना पिठाविषयी एकच गोष्ट ठाऊक होती.

थियाला तिच्या गावाबद्दल विचारलं, की ती आधी भट्टीपासून सुरुवात करायची. माती आणि गवत कालवून केलेला घुमटाकार फूर्नोस, अंगणाच्या कोपऱ्यात. आठवड्यातून एकदाच पेटायचा. पहाटे तीनला उठून लाकडी काठवटीत पीठ मळायचं, आदल्या रात्री कालवलेल्या आंबवणासकट. मळून झालं की गोळे लांब फळीवरच्या खोलगट खाचांत ठेवायचे, एका फळीत सात-आठ. वर घोंगडी पांघरायची. मग काटक्या-झुडपं घालून भट्टी अशी तापवायची, की आतली काळी काजळी जळून विटा पांढऱ्या पडतात. विटा पांढऱ्या झाल्या म्हणजे भट्टी तयार. निखारे बाजूला ओढून, ओल्या फडक्याच्या काठीनं तळ पुसून पाव आत सारायचे आणि तोंड बंद करायचं. पाव निघाले की उरलेल्या उबेवर कापलेल्या पावांच्या कडक पाक्सिमाद्या वाळायच्या. उबेचा कणही वाया जायचा नाही. पिठावर तीळ, बडीशेप आणि कलौंजी. कलौंजीला त्या मावरोकोक्कोस म्हणत, काळा दाणा.

आंबवणाचं तर वेगळंच प्रकरण होतं. सप्टेंबरच्या 14 तारखेला क्रूसाचा सण असतो. त्या दिवशी चर्चमध्ये तुळस वाटतात. आपली तुळस नव्हे, पण तिचीच बहीण. ती दारात कुंडीत असते, बोटांनी हलवून वास घ्यायची असते, आणि थियाच्या घरी ती कधीही जेवणात पडली नाही. त्या बायकांनी तुळस कधी चिरली नाही. चर्चमधली काडी घरी आणून कोमट पाण्यात बुडवायची, त्या पाण्यात पीठ कालवायचं, वर क्रूस ओढायचा, झाकून ठेवायचं. यीस्ट नाही, काही नाही. दोन-तीन दिवसांनी फुगून येतं. त्यातला मूठभर गोळा पुढच्या आठवड्याला राखायचा, असं पुढच्या सप्टेंबरपर्यंत. लंडनमध्ये दुकानातलं यीस्ट हाताशी असतानाही थिया हे करायचीच. तुळशीकडे अशा नजरेनं बघणारी दुसरी माणसं जगात आहेत, हे मला तिच्या घरी कळलं आणि त्या दिवशी मला घरची आठवण आली नाही, घरच सापडल्यासारखं वाटलं.

हलूमीबद्दल ती फार अभिमानानं बोलायची. आता ते चीज जगभर पोचलं आहे, 2021 साली युरोपात त्या नावाला कायद्याचं संरक्षणही मिळालं. पण तिच्या गावी ते कुणी विकत घेत नसे. घरटी चार-दोन शेळ्यामेंढ्या. एका घरच्या दुधात कढई भरायची नाही, म्हणून शेजारणी दूध एकत्र करत. आज सगळ्यांचं दूध हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. कुणी किती दिलं हे काठीवर खुणा करून लक्षात ठेवायचं. दूध फाडून, दाबून, चकत्या करून त्या चकत्या पुन्हा त्याच पाण्यात उकळायच्या. हलूमी तव्यावर वितळत नाही ते या उकळण्यामुळेच. त्याआधी उरलेल्या पाण्यातून मऊ अनारी निघते, ती गरम असतानाच मुलांना साखर घालून. शेवटी चकतीवर मीठ आणि पुदिना, मधोमध दुमडून खारवणात. ही घडी महत्त्वाची. थिया दुकानातला तुकडा हातात घेऊन आधी घडी बघायची, मग भाव विचारायची.

उन्हाळ्याच्या शेवटी त्राहानास. दूध आठ-दहा दिवस मातीच्या भांड्यात आंबवायचं, रोज ढवळायचं, आंबट झालं की भरडलेल्या गव्हाबरोबर शिजवून घट्ट करायचं. मग बोटाएवढे मुटके करून धाब्यावर कापडावर वाळत घालायचे. चार-पाच दिवस कडक ऊन. हिवाळ्यात ते भिजवून त्याचं दाट सूप, त्यात हलूमीचे तुकडे. आपल्या सांडग्या-कुरडयांसारखंच हे काम, ऊन साठवून ठेवायचं. कुरडयांच्या चिकाला आई जशी माणसांची नजर लागू देत नसे, तशीच थियाही त्राहानासाचं भांडं पाहुण्यांच्या वाटेवर ठेवत नसे.

आमची खरी मैत्री जमली ती अळवामुळे. एके दिवशी थियानं भाजीच्या पिशवीतून एक जाडजूड, मातीनं माखलेला कंद काढला. कोलोकासी, म्हणजे आपलं अळकुडं, फक्त थोराड जातीचं. मी ओळखून ओरडलेच. सोलून मी तो नळाखाली धरणार तोच तिनं माझा हात धरला. ‘नेरो ओही!’ पाणी नाही. कंद आधी धुऊन कोरडा करायचा, सोलल्यावर फक्त पुसायचा. आणि सुरीनं कापायचाही नाही. सुरीचं टोक रुतवून मनगट पिळायचं, की तुकडा खटकन तुटून येतो. कापला की बुळबुळीत होतो, तोडला की नाही. मग डुकराचं मांस, सेलरी, टोमॅटो आणि भरपूर लिंबू. उपासाच्या दिवसांत मांसाशिवाय. लिंबू बुळबुळीवर आणि घशाच्या खवखवीवर उतारा, हे आपण चिंचेनं करतो. आईकडे अळवाला चिंच आणि थियाकडे लिंबू, रोग एकच आणि औषधही जवळपास एकच.

पण पानं? तिच्या घरी पानं कुणी खाल्लीच नव्हती. मी वेम्बलीहून अळूची पानं आणली आणि अळूवडी केली. बेसन, चिंच, गूळ, तीळ. तिनं आधी विचारलं, यात दूध आहे का, अंडं आहे का? काहीच नव्हतं. उपासाला चालणारं, तळलेलं, तिळांचं! द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेल्या कुपेपियांसारखं हे, असं ती नणंदांना समजावून सांगत होती. त्या वर्षापासून मोठ्या उपासात माझ्या अळूवडीची जागा ठरली. त्यावरही ती लिंबू पिळायची, आणि खरं सांगते, ती चूक नव्हती.

त्यांच्या आणि आपल्या उपासात एक मोठा फरक आहे, आणि तो समजायला मला दोन वर्षं लागली. आपल्याकडे उपासाला दूध सगळ्यांत आधी. दूध, तूप, ताक म्हणजे शुद्धता. तिच्याकडे दूध हीच सुटणारी गोष्ट. एका चतुर्थीला मी तिला केशरी दूध नेऊन दिलं. ते तिनं दोन्ही हातांनी घेतलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. उपास संपेपर्यंत ते टिकणार नव्हतं, पण माझ्यादेखत तिनं ते टाकलं नाही.

दूध-अंडी गेल्यावर उरतं ते बघा: चवळी. त्या तिला लूवी म्हणतात. पालेभाजीबरोबर उकडायची, वर कच्चं ऑलिव्ह तेल आणि लिंबू. हिरवी ऑलिव्हं दगडानं ठेचून लसूण-धन्यांत मुरवलेली. धने तर या बायका हात सैल सोडून वापरत. खलबत्त्यात जाडसर कुटलेल्या धन्यांचा वास आला, की मला वाटायचं कुणीतरी गोडा मसाला करतंय. आणि रव्याचा हलवा. त्याचं माप मात्र चोख: एक, दोन, तीन, चार. एक भाग तेल, दोन भाग रवा, तीन साखर, चार पाणी. रवा खमंग भाजायचा, दालचिनीचा पाक ओतायचा, साच्यात दाबून उपडा करायचा. शिराच तो, तुपाऐवजी तेलातला. वहीत न अडता लिहिली गेलेली ही एकच कृती.

शेजारच्या घरात अथेन्सची एक बाई राहायची. तिला आम्ही नुसतं किरिया म्हणायचो, म्हणजे बाईसाहेब. ती सायप्रसची नव्हती आणि हे ती विसरू देत नसे. तिची आई 1922 साली स्मिर्ना शहर जळताना थोरल्या लेकराला पोटाशी धरून पळालेली. त्या निर्वासितांनी ग्रीसच्या स्वयंपाकात जिरं-दालचिनी आणली, असं किरिया छातीवर हात ठेवून सांगायची. तिच्या हातचे जिरं घातलेले खिम्याचे लांबट गोळे टोमॅटोच्या रश्शात शिजायचे. मुसाक्यावर पांढऱ्या सॉसचा जाड थर मात्र ती अजिबात घालू देत नसे. तो सगळा त्सेलेमेन्तेसचा उद्योग, ती म्हणायची. निकोलाओस त्सेलेमेन्तेस हा सिफ्नोस बेटावरचा आचारी. त्यानं ग्रीक स्वयंपाकाला फ्रेंच वळण दिलं, आणि त्याचं पुस्तक इतकं घरोघर गेलं, की ग्रीक भाषेत पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकाला त्सेलेमेन्तेसच म्हणू लागले. थिया आणि किरिया यांचं यावर कधी जमलं नाही. थियाला पांढरा सॉस आवडायचा.

पण किरियाच्या घरी पावाचा तुकडा पडलेला मी कधी पाहिला नाही. जर्मनांच्या ताब्यातलं अथेन्स, 1941-42चा हिवाळा, तेव्हा ती दहा वर्षांची होती. रस्त्यावर रोज माणसं भुकेनं मरत. घरात मक्याच्या पिठाची बोबोता मिळाली तर सण. चाळीस वर्षांनंतरही ती जेवण झाल्यावर टेबलक्लॉथवरचे कण बोटाच्या ओल्या टोकानं टिपून खायची. पाव जमिनीवर पडला तर उचलून ओठांना लावायची. तिच्या नातवंडांना ते विचित्र वाटे. मला वाटत नसे. आमच्या घरी अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात.

पाहुणा आला की आधी ग्लिको. काचेच्या बशीत एकच फळ पाकातलं, एक चमचा, एक पेला गार पाणी. कोवळ्या अक्रोडाचं सालासकट केलेलं काळंभोर ग्लिको सगळ्यांत मानाचं. आठ-दहा दिवस पाणी बदलत कडूपणा काढायचा, चुन्याच्या निवळीत ठेवायचं, मग पाक. आईचा मोरावळा असाच दिवसेंदिवस चालायचा. पाहुण्यानं एकच घ्यायचं असतं. आमचा मुलगा तीन खायचा, आणि थिया चौथं काढायची.

थियाची धाकटी बहीण सायप्रसमध्येच राहिलेली, मोर्फूजवळच्या त्यांच्या गावी, वडिलोपार्जित घरात. तिकडे सगळा संत्र्या-लिंबांचा मुलूख. 1974च्या जुलैत तुर्की सैन्य उतरलं, ऑगस्टच्या 14 तारखेला दुसरी चढाई झाली. दुसऱ्या दिवशी, 15ला, पानायियाचा म्हणजे मरियममातेचा सण. त्याआधी पंधरवड्याचा उपास असतो, तो सुटायला एक रात्र उरलेली. त्राहानासाचे दिवस. खायचा नसला तरी करायचा असतोच. बहीण, तिचा नवरा आणि तीन मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दक्षिणेला निघाली, दोन दिवसांत परत येऊ या हिशेबानं. धाब्यावर त्राहानास वाळत होता. तो तिनं तसाच ठेवला, कारण अजून ओला होता, गोळा केला असता तर बुरसला असता. वर जाळीचं कापड घातलं, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

ही गोष्ट मी थियाच्या तोंडून किती वेळा ऐकली असेन. प्रत्येक वेळी ती दगडांपाशी थांबायची. त्या उन्हाळ्यात लाखाहून अधिक ग्रीक सिप्रियट घरं सोडून दक्षिणेला आले, आणि हजारो तुर्की सिप्रियट दक्षिणेतली घरं सोडून उत्तरेला गेले. बहीण आधी झाडाखाली, मग तंबूत, मग लार्नाकाजवळच्या निर्वासितांच्या वसाहतीत. तिनं पुढे अनेक वर्षं त्राहानास केला नाही, विकतचा आणला.

पुढे 29 वर्षं बेट दुभागणाऱ्या रेषेपलीकडे जाता आलं नाही. मग 2003च्या एप्रिलमध्ये, 23 तारखेला, अचानक वाट उघडली. तो होता ईस्टरच्या आठवड्यातला बुधवार. लंडनमध्ये आम्ही चीज किसत होतो. टीव्हीवर माणसांच्या मैल मैल रांगा. थियाचे हात थांबले ते थांबलेच, त्या रात्री चीज आम्ही दोघींनी किसलं, लेकीनं आणि मी. बहीण शुक्रवारी गेली. घर होतं. दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. तीही निर्वासितच, पाफोसकडच्या खेड्यातून 1974 नंतर इकडे पाठवलेली तुर्की सिप्रियट, आणि ती बोलत होती ग्रीक, पाफोसच्या वळणाचं. तिनं आत बोलावलं, कॉफी केली. तिच्या ताटात फ्लाउना होती. तुर्की सिप्रियट तिला पिलावुना म्हणतात, करतात मात्र तशीच. बहिणीनं ती घेतली नाही, शुक्रवार होता. मग त्या बाईनं तिला मागच्या अंगणात नेलं आणि लिंबाच्या झाडाखालून पिशवी भरून दिली.

शनिवारी मध्यरात्री पुनरुत्थानाची प्रार्थना संपली, की घरी येऊन उपास सोडायचा असतो तो अंडं-लिंबाच्या गरम सूपनं. बहिणीनं त्या रात्री ते त्या लिंबांचं केलं. रविवारी सकाळी तिचा फोन आला. बोलता येत नव्हतं तिला, इकडे थियालाही. बऱ्याच वेळानं थियानं एकच विचारलं, ‘साल अजून जाड आहे का गं?’ पलीकडून उत्तर आलं असावं, कारण थिया मान हलवत राहिली.

तर ती भाजणीची रात्र. अंड्यांसकट सारण फुगत असताना मास्तिखा कुटायची. खिओस बेटावरच्या झाडांचा तो डिंक, मोत्यासारखा. नुसता कुटला तर बत्त्याला चिकटतो, म्हणून चिमूटभर साखरेबरोबर. माहलेपी म्हणजे रानटी चेरीच्या बीमधला गर, त्याचा वास कडू बदामासारखा. हे दोन्ही कुटायला लागलं की तो वास जिना चढून आमच्या उशांपर्यंत यायचा. तीळ व्हिनेगरच्या पाण्यात उकळून, निथळून, कापडावर पसरायचे, म्हणजे ते कणकेला धरून राहतात. शुक्रवारी सकाळी व्हिनेगर घातलेलं मसुराचं पाणचट सूप, तेलाशिवाय, आणि मग लाटायला बसायचं. कणकेची पोळी तिळांवर दाबायची, उलटी करायची, मधोमध सारण, कडा चारी बाजूंनी दुमडायच्या, पोट थोडं उघडं ठेवायचं. अंड्यात बुडवलेला ब्रश. गॅसच्या भट्टीत एका वेळी दोन ट्रे, म्हणून थियाच्या यजमानांनी मागच्या अंगणात विटांचा फूर्नोस बांधला होता, तोही पेटायचा. किरियाची भट्टीही आमचीच. भाजलेल्या फ्लाउना ठेवायला जागा नसायची. पलंगांवर स्वच्छ चादरी घालून त्यांच्यावर रांगा लावायच्या. त्या रात्री मुलं जमिनीवर झोपायची.

त्या वहीसाठी लेकीनं तीन वर्षं एक प्रयोग केला. आईला न सांगता पिठाची पिशवी मळण्याआधी आणि मळल्यानंतर वजन करून ठेवली. पहिल्या वर्षी एक आकडा, दुसऱ्या वर्षी त्याहून तीन मुठी जास्त, तिसऱ्या वर्षी पाऊस होता, तेव्हा आणखी वेगळा. तिन्ही वर्षी फ्लाउना उत्तम. तिनं तिन्ही आकडे पेन्सिलीनं लिहिले, मग खोडले आणि शाईनं लिहिलं, ‘ओसो पारी’. मी शेजारी देवनागरीत लिहिलं, ‘मावेल तेवढं’.

थिया 2009च्या हिवाळ्यात गेली. किरिया त्याआधीच. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये कोलिवा न्यायचा असतो, मृताच्या नावानं उकडलेला गहू. लेकीनं वही काढली. पानं उलटली, पुन्हा उलटली. पाव होता, फ्लाउना होती, अळवाचं सगळं होतं, माझ्या अळूवडीचीही कृती होती. कोलिवा नव्हता. थियानं तो गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी केला होता, पण आम्हाला तो लिहून घ्यायचं कधी सुचलं नव्हतं.

लार्नाकाला फोन लावला. बहीण आता सत्तरीच्या पुढची. गहू रात्रभर भिजव, उकड, फुटेपर्यंत नाही, फुटायच्या जरा आधी उतर. धू. मग कापडावर पसरून रात्रभर वाळव, ओला राहिला तर आंबेल. सकाळी भाजलेले तीळ, बदाम, बेदाणे, डाळिंबाचे दाणे, दालचिनी. साखर शेवटी. साखर किती, लेकीनं विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला विचारायची गरज पडली नाही.

गहू पसरायला कपाटातून चादर काढली. तीच, पलंगावरची. काठाची शिवण उलटी केली तर आत तीळ अडकलेले, धुतल्यावरही न निघालेले. आम्ही ती तशीच पसरली. रात्री दोनदा उठून गहू हातानं फिरवला, जसा सांडग्यांना हात लावून बघतात.

सकाळी सगळं मिसळलं. आता उपास नव्हता, लेकीला स्वतःला चाखता आलं असतं. तरी चमचाभर घेऊन तिनं तो माझ्या तोंडापुढे धरला आणि श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिली.

‘साखर?’

‘अजून एक मूठ,’ मी म्हटलं.